मुलाकडचे कळवतील, म्हणून थांबायचं कशाला?

पोह्यांच्या बशा उचलल्या गेल्या की चपला घालता घालता मुलाकडचं कोणीतरी मोठं माणूस म्हणतं, "कळवतो आम्ही दोन-चार दिवसांत." मग ते दोन-चार दिवस मुलीच्या घरात फोन वाजला की सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. नाशिकला आमच्या घरी मी हे चुलत बहिणींच्या वेळी बघितलं आणि माझ्याही वेळी. मुलीला मुलगा आवडला का, हे विचारायचे, नाही असं नाही, पण घरातल्या घरात आणि तेही तिकडून होकार आला तर. आधी त्यांचं कळू दे, मग आपण बघू. त्यांचं नाही आलं की आपल्याला काय वाटलं होतं हा विषयच संपला.

मी लग्न केलं ते डेटिंग अ‍ॅपवर भेटलेल्या मुलाशी. त्यामुळे आता ओळखीतल्या मुली, काही मुलं आणि मुलांच्या आयासुद्धा विचारतात की तिथे खरंच लग्नाची माणसं असतात का आणि कुठलं अ‍ॅप चांगलं. माणसं असतात, सगळ्याच अ‍ॅपवर असतात. पण तिथे गेल्यावर नेमकं काय बदलतं आणि कुठलं काम आपल्या अंगावर येऊन पडतं हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

आपल्याकडे समज असा की मॅट्रिमोनी म्हणजे सिरीयस आणि डेटिंग अ‍ॅप म्हणजे टाइमपास. सरकारदरबारीही हेच, जून २०१६ मध्ये केंद्राने लग्न जुळवणाऱ्या वेबसाइट्ससाठी सूचना काढल्या त्यात साइटने स्पष्ट लिहावं की हे फक्त लग्नासाठी आहे, डेटिंगसाठी नाही, आणि नाव नोंदवणाऱ्याकडून ओळखीचा पुरावा घ्यावा, असं म्हटलंय. पण प्रत्यक्षात माणसं तीच आहेत. एकाच मुलाचं मॅट्रिमोनीवर आईने बनवलेलं प्रोफाइल असतं आणि अ‍ॅपवर त्याने स्वतः बनवलेलं, आणि दोन्ही शेजारी ठेवली तर हा एकच माणूस आहे यावर विश्वास बसत नाही. मी हे एकदा खरंच शेजारी ठेवून बघितलंय. आईच्या प्रोफाइलमध्ये गाव, कुळ, रास, नाडी, पगार, दोन बहिणींची लग्नं झालेली, गावी बागायती जमीन आणि 'मुलगी शांत स्वभावाची, घर सांभाळून नोकरी करणारी' अशी अपेक्षा. अ‍ॅपवर कोकणकड्यावरचा पाठमोरा फोटो, कॉफी, कुत्रा आणि तिशीच्या आत बघायच्या देशांची यादी. एकीकडे घराची सगळी माहिती आहे पण माणूस नाही, दुसरीकडे माणसाचा शनिवार-रविवार आहे आणि घर कुठेच नाही. लग्न तर दोन्हीशी होणार असतं ना!

म्हणून पहिली गोष्ट, आपल्याला काय हवंय ते सरळ लिहायचं. हिंजसारख्या अ‍ॅपवर आता हेतू निवडायची सोय आहे, आयुष्यभराचा जोडीदार, मोठ्या काळाचं नातं, थोड्या काळाचं, किंवा अजून ठरतंय असं. खूप मुली 'आयुष्यभराचा जोडीदार' निवडायला घाबरतात, मुलं पळून जातील म्हणे. जाऊ देत की. ज्याला तो शब्द वाचूनच पळावंसं वाटतं त्याच्याशी तीन महिने चॅट करून तोच निष्कर्ष काढण्यात काय मिळतं? आणि 'अजून ठरतंय' वाल्यांचं खरंच ठरत असेलही, पण त्यांचं ठरेपर्यंत आपण का बसायचं. मी तिशी ओलांडलेली होते, मला माहीत होतं मला काय हवंय.

आता जातीचं. या मोठ्या डेटिंग अ‍ॅपवर जातीचा फिल्टर नाही, आणि प्रोफाइलवर साधारण पहिलंच नाव दिसतं. वाटतं, चला, हे एक बरं झालं. पण मराठी माणसाला आडनाव कळलं की पुष्कळसं कळतं, त्यामुळे बोलणं जरा जुळतंय म्हटल्यावर चौथ्या-पाचव्या मेसेजला हमखास येतं, "बाय द वे, पूर्ण नाव काय तुझं?" काहीजण सहज विचारतात. काहीजण नाव कळल्यावर अजून थोडं बोलतात आणि मग गायब होतात. माझ्या एका मैत्रिणीच्या बाबतीत हे इतक्या वेळा झालं की ती आडनाव पहिल्याच मेसेजमध्ये सांगायला लागली, आणि ते ऐकून मला आतून खूप वाईट वाटलं होतं, कारण फिल्टर अ‍ॅपने काढला आणि माणसांनी हाताने परत बसवला. मी मात्र उलटं करायचे, मीच विचारायचे की घरी जातीबाहेर चालेल का, आणि चालणार नसेल तर तू त्यांच्यासमोर उभा राहणार आहेस का. "घरचे ऐकतील हळूहळू" हे उत्तर मी नाही असंच धरायचे.

अंतराचं सेटिंग, म्हणजे आपण असू तिथून किती किलोमीटरमधली माणसं दाखवायची ते, हा प्रकारही मजेशीर असतो. एरवी पुण्यात बाणेर-हिंजवडी करणारी मी, दिवाळीला नाशिकला गेले आणि अ‍ॅप उघडलं तर समोर कॉलेज रोडवरचे चेहरे, शाळेत एक वर्ग पुढे असलेला, कॉलनीतल्या काकूंचा भाचा. त्यातल्या एकाने स्क्रीनशॉट काढून घरी दाखवला असता तरी मला काही वाटलं नसतं, पण आईला वाटलं असतं, म्हणून नाशिकला असताना मी अ‍ॅप बंद ठेवायचे. लहान गावातल्या मुलींना हे बंद ठेवणं रोजचंच आहे आणि त्यांच्यासाठी हे सगळं किती अवघड आहे हे पुण्या-मुंबईत बसून लिहिणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. चेहरा दिसू न देता प्रोफाइल चालवायचं, आणि मग समोरचा म्हणणार की तू खरी आहेस कशावरून.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते.

मी कॉम्प्युटर इंजिनियर आहे, आणि अल्गोरिदमच्या विषयात एक जुनं प्रकरण शिकले होते, स्टेबल मॅरेज प्रॉब्लेम. १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी मांडलेलं. समजा काही मुलं आणि तितक्याच मुली आहेत, प्रत्येकाची आपापल्या पसंतीची क्रमवार यादी आहे, तर जोड्या अशा लावायच्या की कुठलेही दोघं आपापला जोडीदार सोडून एकमेकांकडे जाऊ पाहणार नाहीत. पद्धत अगदी सोपी. एका बाजूने आपल्या यादीतल्या पहिल्या व्यक्तीला विचारायचं. दुसऱ्या बाजूने आलेल्यांपैकी सगळ्यात बरा तो तात्पुरता धरून ठेवायचा, बाकीच्यांना नाही म्हणायचं. ज्याला नकार आला त्याने यादीतल्या पुढच्या व्यक्तीकडे जायचं. असं करत करत सगळ्या जोड्या लागतात आणि टिकतात, हे त्यांनी सिद्ध केलं. शॅप्लींना पुढे २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं, आणि हिंजने २०१८ मध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' म्हणून रोज एक प्रोफाइल सुचवायला सुरुवात केली त्यामागे हीच पद्धत आहे.

पण परीक्षेसाठी शिकताना मी ज्यावरून नुसती नजर फिरवली होती ती गोष्ट नंतर कळली तेव्हा मी सुन्न झाले. या पद्धतीत जी बाजू विचारते तिला, टिकणाऱ्या जोड्यांमध्ये मिळू शकणारा तिच्या पसंतीचा सगळ्यात चांगला जोडीदार मिळतो. आणि जी बाजू बसून येणाऱ्यांतून निवडते तिला, टिकणाऱ्या जोड्यांमध्ये जो सगळ्यात कमी पसंतीचा असू शकतो तो मिळतो. दर वेळी. ती प्रामाणिकपणे, प्रत्येक वेळी आलेल्यांतला उत्तमच ठेवत असली तरी.

हे वाचल्यावर मला आमच्या घरातल्या त्या सगळ्या माना आठवल्या. आपल्या मुलींना शिकवलं काय जातं, तर तू चांगली रहा, येतील ते, आलेल्यांतला बरा निवड. खरं आयुष्य गणितासारखं नसतं हे मला मान्य आहे, माणसांची यादी बदलते, भेटल्यावर मत पालटतं. तरीपण ही दिशा मला शंभर टक्के पटली, आणि त्या दिवसापासून मी आलेले लाइक बघण्याआधी स्वतः पाठवायला लागले. बंबल नावाच्या अ‍ॅपवर तर सुरुवातीपासून मुलगा-मुलगी मॅचमध्ये पहिलं बोलायचं मुलीनेच अशी रचना होती, पण तिथेही खूप मुली 'हाय' टाकून मोकळ्या होतात आणि परत वाट बघत बसतात, म्हणजे विचारलं असं होत नाही.

हिंजवर प्रोफाइलमध्ये सहा फोटो आणि तीन प्रश्नांची उत्तरं असतात, आणि लाइक द्यायचा तर अख्ख्या माणसाला न देता त्यातल्या एखाद्या फोटोला किंवा उत्तराला देता येतो आणि सोबत दोन ओळी लिहिता येतात. बहुतेक सगळं इंग्रजीत असतं. एकाने मराठीत लिहिलं होतं की रविवारी सकाळी मी बाबांबरोबर मंडईत जातो, पिशव्या मी धरतो आणि भाव ते करतात. मी त्याच्या खाली लिहिलं, "किती वाजता जाता? नऊनंतर मेथी चांगली मिळत नाही." तोच आता माझा नवरा आहे. त्याच्याकडे माझं प्रोफाइल आपणहून कधी पोचलं असतं की नाही कोणास ठाऊक, त्याला फार लाइक पाठवायची सवयच नव्हती.

पण विचारायचं म्हणजे फक्त पहिला लाइक नाही. पूर्वी स्थळ आलं की चौकशी व्हायची. मामा त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावायचा, कोणीतरी मुलाच्या ऑफिसात ओळख काढायचं, शेजाऱ्यांना विचारायचं, मुलगा पितो का, घरात भांडणं आहेत का, आधीचं कुठलं मोडलंय का. त्या चौकशीत खूप वाईट गोष्टीही होत्या, जात आणि अब्रूच्या नावाखाली मुलींची नको ती उकरून काढायचे. तरी ते एक काम होतं आणि कोणीतरी करत होतं. अ‍ॅपवर ते करणारं कोणी नाही. प्रोफाइलवर फोटो तपासल्याची टिक असते तिचा अर्थ इतकाच की सेल्फीतला चेहरा आणि फोटोतला चेहरा एक आहे. तो माणूस विवाहित आहे का, नोकरी खरी आहे का, हे त्या टिकवरून काही कळत नाही. ते आपणच शोधायचं आणि आपणच तोंडाने विचारायचं, आणि इथे आपल्या पिढीला भयंकर संकोच वाटतो, कारण पगार, कर्ज, आईवडील, मूल हे विचारलं की काकूबाई वाटू आणि व्हाइब जाईल. मला तर उलट वाटतं. जी व्हाइब "तुझ्यावर कर्ज किती आहे" या प्रश्नाने जाते ती लग्नाला पुरणारच नाही.

आम्ही पहिल्यांदा भेटलो ते एफसी रोडला वैशालीत, शनिवारी सकाळी, म्हणजे आधी बाहेर फुटपाथवर, कारण नाव लिहून ताटकळायला लागतं. त्या ताटकळण्यात आमचं निम्मं बोलणं झालं. मी विचारलं की लग्नानंतर तुझे आईबाबा कुठे राहणार. तो बराच वेळ गप्प, इतका की पुढच्या ग्रुपचं नाव पुकारून झालं. मग म्हणाला, "ते माझ्याकडेच राहणार हे मी धरूनच चाललो होतो. हे बायकोला विचारायचं असतं हे खरं सांगायचं तर डोक्यातच आलं नव्हतं." आणि लगेच पुढे, "तुझ्या आईबाबांचं कोण बघणार?"

माझा भाऊ कॅनडात आहे. आईबाबा नाशिकला दोघंच. त्याआधी जितके पोहे झाले त्यात हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता, त्यांच्या हिशोबी मुलीचे आईवडील तिच्या लग्नानंतर आपोआप कोणाचे तरी होतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. उत्तर तिथे ठरलं नाही, ठरायला पुढे बरेच महिने गेले, एकदा तर त्यावरून आम्ही आठवडाभर बोललो नाही. आज त्याचे आईबाबा सिंहगड रोडला त्यांच्या घरी आहेत, आम्ही कोथरूडला भाड्याने, आणि महिन्यातला एक शनिवार-रविवार नाशिकचा ठरलेला, दोघांचाही.

बाकी प्रश्न त्यानंतरच्या भेटींत. होम लोनचा हप्ता किती आणि किती वर्षं, घरी पैसे किती पाठवतोस आणि लग्नानंतर किती पाठवणार, मूल हवं का आणि झालं नाही तर काय, दारू, उपवास, देवाधर्माचं, माझी बदली बंगळुरूला झाली तर. आणि एक रक्ततपासणी. पत्रिका आम्ही बघितली नाही. माझ्या मावशीचा जीव ३६ गुणांतल्या नाडीच्या ८ गुणांत अडकला होता, एकनाड निघाली तर मुलाबाळांना त्रास म्हणून. मी तिला सांगितलं की मुलाबाळांची काळजी असेल तर आम्ही दोघं थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक आहोत का ते तपासून घेतो, कारण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्याचा गंभीर प्रकार, व्हायची शक्यता २५ टक्के असते आणि एचपीएलसी नावाच्या साध्या तपासणीत वाहक आहोत का ते कळतं. मावशीला हे पटलं. रिपोर्ट तिनेच मागून वाचला.

सुरक्षिततेचं थोडक्यात पण कळकळीने सांगते, विशेषतः लहान बहिणींना. भेटायच्या आधी व्हिडिओ कॉल. पहिली भेट दिवसा, गर्दीच्या जागी, जागा आपण सुचवलेली, कारण ठरावीक कॅफेत नेऊन हजारोंचं बिल माथी मारायचे प्रकार मुंबई-दिल्लीत झालेत आणि त्यात मुलंही फसलीत. जायचं-यायचं आपलं आपण, लाइव्ह लोकेशन मैत्रिणीकडे. आणि पैसे अजिबात नाही, कोणत्याही कारणासाठी नाही. परदेशातला मुलगा, गिफ्ट पाठवलंय, कस्टममध्ये अडकलंय, ड्युटी भर, ही गोष्ट इतकी जुनी आहे तरी अजून माणसं फसतात, मॅट्रिमोनी साइटवर सुद्धा, आणि फसलेली माणसं मूर्ख नसतात, एकटी असतात. असं झालं तर लाजून घरात बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

अजून एक, ज्यांचं लग्न मोडलंय त्यांच्याबद्दल. माझ्या एका मैत्रिणीचा घटस्फोट एकोणतिसाव्या वर्षी झाला, मूल नाही. तिच्या आईने एका मंडळात नाव घातलं तर तिथून स्थळं यायची ती पंचेचाळिशीची, दोन मुलं असलेल्यांची, आणि वर ऐकवायचे की आता अपेक्षा कमी करा. अ‍ॅपवर तिने प्रोफाइलमध्येच लिहून टाकलं की घटस्फोट झालाय, आणि तिच्याच वयाची माणसं तिच्याशी साधेपणाने बोलली. तिचं अजून जमलेलं नाही. पण तिच्याकडे कोणी पडेल किमतीचा माल म्हणून बघत नाही, हे मला फार मोठं वाटतं.

आम्ही रजिस्टर लग्न केलं, विशेष विवाह कायदा, १९५४ चा. त्यात आधी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती ऑफिसात लावतात, ३० दिवस कोणाला हरकत घ्यायची असेल तर घेता येते, मग तीन साक्षीदारांच्या सह्या. ते ३० दिवस आम्हाला सोपे गेले कारण दोन्ही घरं बरोबर होती. ज्यांची घरं विरोधात असतात त्यांना भिंतीवर लागलेल्या त्या कागदाची भीती वाटते, आणि ती खरी भीती आहे. आणि माझा एक मित्र गे आहे, तो आणि त्याचा जोडीदारही अ‍ॅपवरच भेटले, आमच्या आधीपासून एकत्र आहेत, त्यांना ही नोटीससुद्धा देता येत नाही, कारण १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. साक्षीदार म्हणून सही करायला मात्र तो आला, आणि सही करताना तो जरा थांबला ते मला दिसलं.

आईची एक शंका मला शेवटपर्यंत खोडता आली नाही. तिला अ‍ॅपचं काही नव्हतं, मुलगा तिला आवडला होता. ती म्हणाली, "उद्या तुमचं वाजलं तर जायचं कोणाकडे? आमच्या वेळी लग्न जमवणारे मध्यस्थ होते, तुझ्या बाबांशी माझं पटेना तेव्हा मी त्यांच्याकडे गेले होते, त्यांनी बाबांना बसवून सुनावलं होतं." हे मला माहीतच नव्हतं. मध्यस्थ म्हणजे मला फक्त पत्रिकांची देवाणघेवाण करणारा माणूस वाटायचा. लग्न लागल्यावरही तो दोन्ही घरांना जबाबदार असायचा, हे कुठल्या अ‍ॅपमध्ये बसणार?

मग आम्ही ते काम दोन माणसांवर सोपवलं. त्याची मोठी बहीण आणि माझी मावशी, तीच नाडीवाली. लग्नाआधी दोघींना जेवायला बोलावून सरळ सांगितलं की आमचं आमच्याने मिटलं नाही तर आम्ही तुमच्याकडे येणार, आणि तुम्ही आपापल्या माणसाची बाजू घ्यायची नाही. त्याची बहीण हो म्हणाली. मावशी म्हणाली, मी भाचीची बाजू घेणारच, पण त्याचं आधी ऐकून घेईन. गेल्या पावसाळ्यात आम्ही एकदा गेलो तिच्याकडे. तिने खरंच त्याचं आधी ऐकलं.